ट्रेकसाठी पहिला वॉकीटॉकी कुठला घ्यावा?

प्रश्न असा आहे. पुण्यातले सहा मित्रमैत्रिणी महिन्यातून एकदा सह्याद्रीत ट्रेकला जातात. गेल्या पावसाळ्यात धुक्यात दोघं मागे राहिले, मोबाइलला रेंज नव्हती आणि दीड तास हाका मारण्यात गेला. म्हणून आता वॉकीटॉकी घ्यायचं ठरलंय. ऑनलाइन पाच वॅटचा सेट दोन-अडीच हजारांत दिसतो, खोक्यावर ‘रेंज १० किमी’ छापलंय. शिवाय एकाचा मेहुणा दिवाळीत अमेरिकेहून येतोय, तो तिकडून जोडी आणायला तयार आहे. तर काय घ्यावं?

आधी उत्तर सांगतो, कारणं मागून. ४४६ मेगाहर्ट्झवर चालणारे, परवाना न लागणारे, अर्ध्या वॅटचे सेट घ्या. सहा जणांत तीन पुरेत. पाच वॅटचा तो सेट आत्ता घेऊ नका. आणि मेहुण्याला म्हणावं, बॅगेतली तेवढी जागा दुसऱ्या कशासाठी तरी ठेव.

मी बावीस वर्षं हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी वायरलेसचा, परवानाधारक आहे आणि डोंगर त्याच्याही आधीपासून चढतोय. या काळात वॉकीटॉकीबद्दल मला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न म्हणजे ‘किती वॅटचा घेऊ?’ पहिल्या सेटसाठी हा प्रश्न सगळ्यात कमी कामाचा आहे. आधी विचारायचं ते हे: बोलणार कुणाशी, तुमच्या दोघांच्या मध्ये काय उभं आहे, आणि त्या लहरींवर बोलायचा तुम्हाला हक्क आहे का? एवढं ठरलं की सेट जवळपास आपोआप ठरतो.

मध्ये काय उभं आहे, इथपासून सुरुवात करू. या सेटच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. मध्यम लहरींवरचं आकाशवाणी केंद्र रात्री शेकडो किलोमीटरवर ऐकू येतं, कारण त्या लहरी वरच्या वातावरणात परावर्तित होऊन परत येतात. ४४६ मेगाहर्ट्झवर तसं घडत नाही. समोरचा सेट ‘दिसत’ असेल तर बोलणं होईल. मध्ये डोंगर आला की लहरीचा थोडासाच भाग कडेवरून वळून पलीकडे उतरतो, बाकीची डोंगरालाच थडकते.

सपाट जमिनीवर पृथ्वीची गोलाईसुद्धा आड येते. त्याचं साधं सूत्र आहे: अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, त्याला ४.१२ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये मिळतं. दोन्ही बाजूंचं असं काढून बेरीज करायची. दोघेही दीड मीटर उंचीवर सेट धरून उभे असतील तर साधारण दहा किलोमीटर. खोक्यावरचे दहा किलोमीटर बहुधा इथूनच येतात, म्हणजे मध्ये एक झाड, एक घर, एक टेकाड नाही असं धरून. आता सिंहगडावर या. पुणे शहरापासून गडाची उंची साडेसातशे मीटरच्या आसपास. त्याच सूत्राने एका बाजूचेच शंभराहून जास्त किलोमीटर होतात. सेट तोच, वॅट तेवढेच. बदलली ती फक्त तुमची उभं राहायची जागा.

हे मी कागदावर शिकलो, पण पटलं ते राजगडावर. राजगड-तोरणा करताना आमचे दोघं पुढे निघून गेले होते. बालेकिल्ल्यावरून तोरण्याच्या बुधला माचीवर त्यांना हाक दिली, तर शेजारी बसल्यासारखा स्वच्छ आवाज आला. मध्ये सरळ रेषेत सात किलोमीटर हवा, दोन्हीकडे अर्ध्या वॅटचे सेट. त्याच दिवशी संध्याकाळी खाली गुंजवण्यात थांबलेल्या गाडीवाल्याला बोलवायचं होतं. अंतर फार तर दोन-अडीच किलोमीटर. एक शब्द पोहोचला नाही, कारण मी कड्यापासून आत, डोंगराच्या पोटाआड उभा होतो. वीस-पंचवीस पावलं चालून कडेला आलो आणि लगेच उत्तर आलं.

तेव्हा त्या जागी पाच वॅट असते तर? अर्ध्या वॅटवरून पाच वॅटवर गेलं की शक्ती दहापट होते, पण अंतर दहापट होत नाही. मोकळ्या जागेत ते साधारण तिपटीने वाढतं, कारण अंतर दुप्पट करायला शक्ती चौपट लागते. मध्ये डोंगराचा सोंडा असेल तर तो याहून कितीतरी जास्त शक्ती खाऊन टाकतो. अशा वेळी दहापट वॅट विकत घेण्यापेक्षा वीस पावलं चालणं जास्त उपयोगी पडतं.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण हॅम मंडळींना रोजचं आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर हौशी रेडिओचा रिपीटर, म्हणजे ऐकलेला आवाज पुन्हा प्रसारित करणारं यंत्र, बसवलेला आहे. १४५.९९० मेगाहर्ट्झवर त्याच्याकडे बोलायचं आणि ४३७.८०० वर त्याचं ऐकायचं. स्थानक पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून जातं. ते डोक्यावर असताना परवानाधारक माणूस पाच वॅटच्या हातातल्या सेटवरून, बऱ्या अँटेनाने, त्याच्यामार्फत दुसऱ्या गावातल्या माणसाशी बोलू शकतो. तोच सेट सांधण दरीत दुसऱ्या वळणापलीकडच्या जोडीदाराला ऐकू जाईलच असं नाही, कारण तिथे दोघांमध्ये खडकाच्या भिंती आहेत.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट होते. ओली पानं ४४६ मेगाहर्ट्झच्या लहरी चांगल्याच शोषतात. अंधारबनसारख्या दाट रानात ऑगस्टमध्ये मी तीन-चारशे मीटरचाच भरवसा धरतो. तुमच्या गटासाठी तेवढं पुरेसं आहे, कारण तुमची अडचण दहा किलोमीटरची नव्हतीच. पुढचा आणि मागचा यांच्यात अर्ध्या तासाचं अंतर पडलं, फाटा चुकला, आणि ते कळलं उशिरा. हे दुखणं अर्धा वॅट बरं करतो.

आता हक्काचा भाग. इथे लोक कंटाळतात, पण हा टाळू नका.

आपल्याकडे १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून नियम असा, की वायरलेस सेट नुसता जवळ बाळगायलाही परवाना लागतो. २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही ही अट कायम आहे. ‘मी बोलत नव्हतो, फक्त बॅगेत होता’ हे म्हणणं त्यामुळे टिकत नाही. सरकारने काही पट्टे परवान्यातून मोकळे केलेत, आणि हातातल्या वॉकीटॉकीच्या दृष्टीने कामाचा पट्टा एकच: ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ. २०१८ च्या नियमांनी तो कमी शक्तीच्या सेटसाठी खुला झाला. युरोपातही हाच पट्टा सर्वसामान्यांसाठी आहे. तिथे त्यात १६ चॅनल बसवलेत, पहिलं ४४६.००६२५ वर आणि पुढचं प्रत्येक १२.५ किलोहर्ट्झवर. या सेटची अँटेना सहसा पक्की बसवलेली असते, काढून दुसरी मोठी लावता येत नाही. ती या सवलतीमागची अट समजा, सेटमधली उणीव समजू नका. (२७ मेगाहर्ट्झचा सिटिझन बँडही आपल्याकडे मोकळा आहे. पण त्या लहरींना पुरेशी अँटेना खूप लांब होते, हातातल्या सेटला ती शोभत नाही आणि झेपतही नाही.)

पट्टा बरोबर असला तरी आणखी एक कागद हवा: ईटीए, म्हणजे इक्विपमेंट टाइप अप्रूव्हल. दूरसंचार विभागाची वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन शाखा, जिला सगळे डब्ल्यूपीसी म्हणतात, ती ते देते. विक्रेत्याकडे ईटीए क्रमांक मागा. २०२५ च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या वॉकीटॉकींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, कारण फ्रीक्वेन्सी न सांगता आणि परवान्याची गरज न दाखवता सेट सर्रास विकले जात होते. त्यामुळे विक्रेत्याला हे विचारणं तुमचा हक्क आहे. टाळाटाळ झाली तर दुसरं दुकान बघा. मिळाल्यावर बिलाचा आणि ईटीएचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. हरिश्चंद्रगड, भीमाशंकर अशा अभयारण्यांच्या हद्दीत वनरक्षकाने हातातला सेट बघून विचारलं तर दोन मिनिटांत विषय संपतो.

तुम्हाला दिसलेला पाच वॅटचा सेट बहुधा बाओफेंग यूव्ही-५आर किंवा त्याच्या भावंडांपैकी एक असावा. मला तो जवळून माहीत आहे. त्याच्या किमतीत एवढं काही बसवलंय याचं मला आजही कौतुक वाटतं. पण तो १३६ ते १७४ मेगाहर्ट्झ आणि ४०० च्या वरचा मोठा पट्टा, यांत कुठेही बोलू शकतो. त्या पट्ट्यांत पोलीस आहेत, रेल्वे आहे, कोकण किनाऱ्यावरच्या बोटींचं १५६.८ मेगाहर्ट्झचं संकटकाळचं सोळावं चॅनल आहे. नवख्या माणसाच्या हातून चुकीचं बटण दाबलं गेलं तर तो नकळत कुणाच्या तरी कामाच्या संभाषणावर बसतो. ‘मी त्यात फक्त ४४६ चे चॅनल भरेन’ असं पुष्कळजण म्हणतात. त्याने तो सेट कायदेशीर होत नाही. सवलत कमी शक्तीला आणि मान्यता मिळालेल्या उपकरणाला आहे, नुसत्या आकड्याला नाही.

मेहुण्याच्या जोडीचंही तेच. अमेरिकेत परवाना न लागणारी फॅमिली रेडिओ सर्व्हिस ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झवर चालते. तिथे २०१७ पासून तिच्या बऱ्याच चॅनलांवर दोन वॅटपर्यंत मुभा आहे. तिथल्या डोंगरात फिरणाऱ्या मराठी कुटुंबांनी ते सेट खुशाल घ्यावेत. थोडी जास्त पोच हवी असेल तर जीएमआरएसचा (तिथल्या जनरल मोबाइल रेडिओ सर्व्हिसचा) परवाना काढावा: ३५ डॉलर, दहा वर्षं, परीक्षा नाही आणि सगळ्या कुटुंबाला एकच चालतो. पण भारतात या लहरी मोकळ्या नाहीत आणि परवान्याशिवाय सेट आयात करणंही नियमात बसत नाही. विमानतळावर अडकायचं ते मेहुण्याला. गार्मिन इनरीचसारखी उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रंही आपल्याकडे परवानगीशिवाय आणता येत नाहीत, हेही त्याला आत्ताच सांगून ठेवा.

इथवर आलात तर पर्याय मोजकेच उरतात, आणि मग बघायच्या गोष्टी वेगळ्या होतात. चॅनल किती, कोड किती, पडदा रंगीत आहे का, हे मी बघतच नाही.

मी सगळ्यात आधी पाणी बघतो. काही वर्षांपूर्वी भर पावसात माझा एक सेट दुपारपर्यंत मेला. चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण नीट बसत नव्हतं आणि मी ते घरी तपासलं नव्हतं. तेव्हापासून आयपीचा आकडा वाचल्याशिवाय सेट घेत नाही. यात दोन आकडे असतात, पहिला धुळीचा आणि दुसरा पाण्याचा. आयपी ५४ म्हणजे शिंतोडे चालतील. आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास पडला तरी आत पाणी शिरू नये. पावसाळी ट्रेक करणार असाल तर ६७ साठी जास्तीचे पैसे द्या. नसेल परवडत तर ५४ घ्या आणि पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा. पिशवीतून लहरी आरपार जातात आणि बटणही दाबता येतं.

मग बॅटरी. खोक्यावर ‘१८ तास’ असेल तर तो आकडा कसा येतो ते समजून घ्या. प्रघात असा आहे की वेळेचा पाच टक्के भाग बोलणं, पाच टक्के ऐकणं आणि नव्वद टक्के नुसतं गप्प राहणं धरतात. पहिल्यांदा वॉकीटॉकी हातात आलेला गट नव्वद टक्के गप्प बसत नाही, हे मी दरवेळी बघतो. छापील तासांच्या निम्मे धरा. एक दिवसाच्या ट्रेकला तेवढे पुरतात. दोन-तीन दिवसांच्या वाटेवर जाणार असाल तर मोबाइलच्या पॉवर बँकेवर चार्ज होणारा सेट, किंवा साध्या पेन्सिल सेलवरही चालणारा सेट बघा. पायथ्याच्या गावातल्या किराणा दुकानात सेल मिळतात, सेटची खास बॅटरी मिळत नाही.

बटणं हातात घेऊन बघा. बोलायचं बटण, ज्याला सगळे पीटीटी म्हणतात, ते अंगठ्याखाली सहज यावं आणि ओल्या हाताने किंवा थंडीत हातमोजा घालूनही दाबता यावं. चॅनल बदलायची कळ लॉक करता यायला हवी. हे लॉक नसलं तर खिशात चॅनल बदलतं, आणि मग तुम्ही तासभर कुणालाच ऐकू येत नाही अशा जागी बोलत राहता. माझ्या अनुभवात डोंगरात संपर्क तुटण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण आहे. त्याच्यापुढे वॅटचा प्रश्न कुठल्या कुठे राहतो.

‘३८ प्रायव्हसी कोड’ या शब्दांनी तर फारच घोळ केलाय. हे कोड म्हणजे आवाजाखाली लपवलेला एक बारीक सूर असतो, ६७ ते २५० हर्ट्झच्या आसपासचा. तुमच्या सेटचा स्पीकर तो सूर ऐकल्यावरच उघडतो, एवढंच त्याचं काम. त्याने दुसऱ्याचं बोलणं तुम्हाला ऐकू येत नाही. तुमचं बोलणं मात्र कोड बंद ठेवलेल्या प्रत्येकाला ऐकू जातं. म्हणून गाडीची किल्ली कुठे ठेवलीय, कोण एकटं मागे आहे, असलं काही हवेत बोलू नका. आणि गटातल्या एकाच सेटवर कोड वेगळा पडला तर तो सेट बिघडलाय असं वाटतं, प्रत्यक्षात तो फक्त ऐकत नसतो. मी चॅनल आणि कोड कागदी टेपवर लिहून प्रत्येक सेटच्या पाठीवर चिकटवतो.

आवाज ऐकून आपोआप बोलणं सुरू करणारी व्हॉक्स नावाची सोय डोंगरात बंद ठेवा. वारा आणि धापा या दोन्हींनी ती सुरू होते आणि सगळ्यांचं चॅनल अडकून बसतं. ‘वेदर चॅनल’ हे अमेरिकेतल्या हवामान केंद्रांसाठी असतं, आपल्याकडे त्यावर काही लागत नाही. त्यासाठी पैसे देऊ नका.

तीन सेट का म्हणालो? एक वाट काढणाऱ्याकडे, एक शेवटच्या माणसाकडे. शेवटचा माणूस ठरलेला हवा आणि त्याच्या मागे कुणीही राहायचं नाही. तिसरा मधल्या माणसाकडे. पुढचा आणि मागचा यांच्यामध्ये सोंडा आला तर मधला दोघांनाही ऐकू येण्याची शक्यता जास्त असते, आणि तो निरोप पुढे देतो. एखादा सेट बंद पडला तर तोच तिसरा कामी येतो. सहाही जणांकडे सेट असले की गप्पा सुरू होतात, बॅटऱ्या संपतात आणि कामाचा निरोप त्यात बुडतो.

ट्रेकऐवजी शेतासाठी सेट बघणाऱ्यांनाही हेच लागू पडतं. जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात रात्रीच्या पाळीला वीज आली की माणूस एकटा मोटर सुरू करायला जातो, उसात बिबट्याची भीती असते आणि कित्येक मळ्यांवर मोबाइल धड लागत नाही. घर ते विहीर पाचशे-सातशे मीटर असेल तर ४४६ ची जोडी घ्याच. फक्त पुरुषभर उंच ओल्या उसातून लहर फार आत जात नाही. घराकडचा सेट माळ्यावर किंवा गच्चीवर ठेवा आणि मळ्यातल्याने बांधावर येऊन बोलावं. रात्री अकराला विहिरीवर गेलेल्या माणसाचा ‘पोचलो’ एवढा एक शब्द घरी ऐकू येणं काय असतं, हे ज्यांच्या घरी तो आलाय त्यांना विचारा.

आता तुमच्या प्रश्नात नसलेलं, पण मला सांगावंसं वाटतं ते. एक-दोन वर्षं हे सेट वापरल्यावर तुमच्यापैकी एखाद्याला नक्की वाटेल की डोंगरापलीकडे बोलता आलं पाहिजे. त्याने हॅम परवाना काढावा. वय बारा पूर्ण झालेलं असलं की परीक्षेला बसता येतं. इलेक्ट्रॉनिक्सची मूलतत्त्वं आणि नियम असा अभ्यास असतो. परवान्याच्या दोन पातळ्या आहेत: रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स, म्हणजे ठिपक्या-रेघांची सांकेतिक लिपी, लागत नाही, जनरल ग्रेडला लागतं. परवाना वीस वर्षांचा किंवा आजीवन मिळतो. परीक्षा, निकाल, मग कॉलसाइन, म्हणजे हवेत सांगायची तुमची ओळखखूण, यात काही महिने जातात, तेवढा धीर धरा. मिळालं की कॉलसाइन व्हीयू३ किंवा व्हीयू२ ने सुरू होतं. मग १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ हे पट्टे तुमच्यासाठी उघडतात, आणि पाच वॅटची हँडी, म्हणजे हातातला सेट, घ्यायचा दिवस तेव्हा येतो.

त्या दिवशी मात्र थोडे जास्त पैसे घाला असं मी सांगेन. चांगल्या कंपनीचा सेट आणि अगदी स्वस्त सेट यांचे वॅट सारखेच असतात. फरक ऐकण्यात आहे. सिंहगडावर प्रक्षेपणाच्या मनोऱ्याजवळ उभं राहिलं की स्वस्त सेटचा कान त्या प्रचंड शक्तीने दबतो आणि दूरचा बारीक आवाज त्याला ऐकू येईनासा होतो. चांगल्या सेटला तो येतो. त्याहूनही आधी अँटेना सुधारा. सेटबरोबर येणारी रबरी शेपटी दोन मीटरच्या पट्ट्यावर (म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर, तिथे लहरीची लांबी सुमारे दोन मीटर असते) फार आखूड पडते. तिथे पाव लहरीची अँटेना सुमारे पन्नास सेंटिमीटर लांब लागते. तेवढीच एक वायर अँटेनाच्या बुडाशी, सेटच्या धातूच्या भागाला जोडून खाली लोंबत सोडली तरी फरक कानाला कळतो. पन्नास पैशांच्या वायरने मला जे रिपीटर उघडून दिलेत ते आधी नुसत्या सेटवर लागत नव्हते.

रिपीटर हा हॅमचा खरा जिना. डोंगरमाथ्यावर बसवलेलं हे यंत्र तुमचा आवाज एका फ्रीक्वेन्सीवर ऐकतं आणि त्याच क्षणी ६०० किलोहर्ट्झ अलीकडे किंवा पलीकडे मोठ्या शक्तीने पुन्हा बोलतं. दरीतल्या माणसाला दुसऱ्या दरीतला माणूस दिसायची गरज उरत नाही, दोघांनाही माथा दिसला की झालं. पण एक अट विसरू नका: पलीकडच्यालाही परवाना हवा. सहा जणांत एकानेच परीक्षा दिली तर तो ट्रेकवर स्वतःच्याच मित्रांशी हॅमवर बोलू शकत नाही. म्हणून ४४६ चे सेट तेव्हाही सॅकमध्ये राहतीलच.

१९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर तारा-टेलिफोन तुटलेले असताना हॅम मंडळींनी निरोप वाहिले, २००१ मध्ये भुजलाही. २००४ च्या डिसेंबरमध्ये त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आपल्या चमूसह हौशी रेडिओच्या मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरला होत्या. मोहीम बाजूला ठेवून त्यांनी अंदमानचा मुख्य भूमीशी संपर्क जोडून धरला. मी परवाना काढला तेव्हा मनात किल्लारीच होतं.

वापरण्याबद्दल थोडंसं. बटण दाबा, एक श्वास थांबा, मग बोला. नाहीतर पहिला शब्द कापला जातो, आणि ‘थांबू नका’ मधला ‘थांबू’ गेला तर उरलेल्याचा अर्थ लावत कुणीतरी वाटेत उभं राहतं. ज्याला हाक मारायची त्याचं नाव आधी, आपलं नंतर: ‘मागचे, मागचे, मी पुढून बोलतोय.’ बोलणं संपलं की ‘ओव्हर’ म्हणा. सुरुवातीला ओशाळल्यासारखं होतं, चौथ्या वेळी सवय होते. सेट तोंडापासून चार बोटं लांब, अँटेना उभी, आणि शक्य तेवढा उंच धरा. कमरेच्या पट्ट्यावर अडकवून बोललात तर निम्म्याहून जास्त लहर तुमचंच अंग खातं. एकाची अँटेना उभी आणि दुसऱ्याची आडवी असली तरी आवाज पडतो.

दर तासाला ठरलेल्या मिनिटाला हजेरी घ्या. ऐकू आलं नाही तर दोघांनीही जागा सोडून धावायचं नाही. पुढच्याने थांबायचं, मोकळी किंवा उंच जागा धरायची आणि पाच मिनिटांनी पुन्हा हाक द्यायची, हे निघायच्या आधी ठरलेलं असू द्या. आणि हा सेट पोलिसांना किंवा बचाव पथकाला ऐकू जात नाही, हे सगळ्यांना माहीत हवं. खरी अडचण आली तर रेंज असलेल्या माथ्यावर जाऊन ११२ लावायचा, किंवा महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरच्या हेल्पलाइनला फोन करायचा. तो नंबर घरून निघतानाच मोबाइलमध्ये घालून घ्या. सेटचं काम एवढंच, की त्या माथ्यावर कोण गेलाय आणि जखमीजवळ कोण थांबलाय, त्यांना एकमेकांशी बोलता यावं.

सेट आल्यावर पहिल्या रविवारी कुठल्याही अवघड वाटेवर जाऊ नका. सिंहगडाला जा. एकाला आतकरवाडीत चहाच्या टपरीपाशी बसवा, बाकीच्यांनी पायवाटेने चढायला लागा. दर दहा मिनिटांनी हाक द्या आणि आवाज कुठे स्वच्छ होता, कुठे खरखरला, कुठे तुटला, हे वहीत लिहा. तुटला तिथे थांबा, पाच पावलं डावीकडे जा, पाच उजवीकडे, सेट डोक्यावर धरा, पुन्हा हाक द्या. वर पोचेपर्यंत तुमच्या सेटची रेंज किती, याचं उत्तर त्या वहीत तुमच्याच अक्षरात असेल. मग टपरीवरच्या माणसाला वर बोलवा आणि उतरताना दुसऱ्याला खाली पाठवा.